आढ्याचे तीन धनी

बोरवाडीच्या चर्चचा इतिहास गावात कुणाला लिहून ठेवावासा वाटला नाही, कारण सरूबाई होती. जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या अलीकडे दोनेक मैलांवर रस्त्याला लागून एक कौलारू खोली, पुढे पडवी, पडवीत टांगलेली घंटा आणि मागे सरूबाईचं खोपट, एवढाच सगळा पसारा. चर्चची मंडळी म्हणजे मोजून बारा घरं. त्यातली निम्मी पोटासाठी चिंचवड-भोसरीला जाऊन राहिलेली. पाळक महिन्यातून दोनदा यायचे. एरवी झाडलोट करणं, घंटा वाजवणं, सतरंज्यांना ऊन दाखवणं आणि आल्यागेल्याला चर्चचा इतिहास सांगणं ही कामं सरूबाईकडे असत. पहिल्या तीन कामांचं मिशनकडून तिला थोडंफार मिळायचं. चौथं ती हौसेनं करायची, आणि खरं सांगायचं तर पहिली तीन ती त्या चौथ्यासाठीच करायची.

इतिहास सांगायची तिची एक रीत होती. आलेल्या माणसाला आधी पडवीतल्या बाकावर बसवायचं. चहा ठेवायचा. चहा उकळेपर्यंत त्याचं गाव, आडनाव, आजोळ असं सगळं काढून घ्यायचं. मग कपबशी हातात देताना भुवया चढवून म्हणायचं, "मंजी तुमाला ठावंच न्हाई?" समोरच्याला ते ठाऊक नसायचंच, कारण चहा उकळेपर्यंत ते खुद्द सरूबाईलाही ठाऊक नसायचं.

त्र्याण्णव साली रस्त्यानं विजेचे नवे खांब टाकायचं निघालं. खुणा करत आलेल्या माणसानं नेमकी चर्चच्या दारापुढे चुन्याची फुली मारली. दुसरी एखादी असती तर भांडली असती. सरूबाईनं त्याला चहाला बोलावलं. माणूस पिंपरी पेंढारचा निघाला.

"पिंपरी पेंढारचं? मंजी तुमाला ठावंच न्हाई? आवो, ही घंटा जुन्नरास्नं खांद्यावर घालून आणली ती तुमच्या पंज्यानं! बैल लंगडा झाला, गाडी अडली. तर म्हणला, देवाचं काम हाय, थांबायचं न्हाई."

तो बिचारा उठला, घंटेपाशी गेला, तिला हात लावून परत येऊन बसला. चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. चुन्याची फुली वीस पावलं पलीकडे सरकली. पुढे एसटीचा एक येडगावचा ड्रायव्हर पाणी मागायला उतरला, तर त्याच्या आजीनं मिशनच्या मडमेला पुरणपोळी शिकवली होती असं निघालं. तेव्हापासून बोरवाडीला थांबा नसताना गाडी चर्चपुढे थांबायला लागली.

आपण खोटं बोलतो असं सरूबाईच्या मनाला कधी शिवलं नाही. पाळक देवाच्या दहा आज्ञा वाचायचे तेव्हा 'खोटी साक्ष देऊ नको' ह्या आज्ञेला सगळ्यात खणखणीत आमेन तिचाच असे. तिच्या लेखी खोटं म्हणजे मापात मारणं, किंवा शेजारणीच्या कोंबडीचं अंडं आपल्या टोपलीत ठेवून वर कानावर हात ठेवणं. पाव्हण्याला चहाबरोबर एखादा बरासा पणजोबा दिला तर त्यात कुणाचं काय गेलं? रिकाम्या हातानं लावायचं का त्याला वाटेला?

अडचण एवढीच की चर्च एका खोलीचं. वाटून वाटून वाटणार किती? घंटा गेली, दरवाजा गेला, उंबऱ्याचा दगड गेला, चिंचेभोवतीचा पार गेला. सगळं कुणाकुणाच्या पूर्वजांच्या नावावर चढलं. चौऱ्याण्णव साल उजाडलं तेव्हा द्यायला एकच मोठी वस्तू उरली होती, ती म्हणजे आढं. छपराच्या मधोमध ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला सागाचा अखंड वासा, ज्याच्यावर सगळं छप्पर तोललेलं.

ते आढं तिनं भगवंतरावांना दिलं. भगवंतरावांचं घर गावातलं मातब्बर. कांदा, ऊस, दाराशी ट्रॅक्टर, आणि चर्चला लागून रान त्यांचंच. चर्चचं कुंपण दोन हात आपल्यात घुसलंय असं त्यांच्या भावकीनं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. भगवंतराव तावातावानं जाब विचारायला आले आणि चहा पिऊन गेले. जाईपर्यंत त्यांच्या आज्यानं बारा बैल जुंपून सागाचं आढं चर्चला आणून दिलेलं होतं. कुंपणाचा विषय परत कुणी काढला नाही. पुढच्याच वर्षी वादळात निम्मी कौलं उडाली, तेव्हा भगवंतरावांनी दोन ट्रॉल्या कौलं आणून ओतली आणि साठीला टेकलेला माणूस स्वतः छपरावर चढून बसला.

"आमच्या आज्याचं आढं हाय," ते वरूनच ओरडले, "भिजून कसं चालंल?"

सरूबाईनं इथं थांबायला हवं होतं. पण शहाण्णव साली डोंगरातला भिका हिरडा विकून परत जाताना पायात काटा मोडून पडवीत टेकला. भिकाचं गाव पार वर, भात-नाचणीच्या मुलखात. इतक्या लांबचा माणूस दाराशी आला आणि त्याला द्यायला घरात काहीच नाही! सरूबाईनं चहा जरा जास्तच उकळू दिला. मग सवयीनं वर बघितलं. भगवंतरावांच्या आज्यानं आढं दिलं हे खरं, पण झाड तोडलं कुणी? डोंगरावरून उतरवलं कुणी? तिचा बेत भिकाच्या पंज्याला नुसता लाकूडतोड्या करायचा होता. पण भिका ऐकायलाच असा बसला होता, तोंड उघडं टाकून, की सांगता सांगता तिचा हात सैल सुटला आणि आढं अख्खं त्याच्या पंज्याच्या पदरात पडलं. त्या वर्षापासून भिका दर नाताळला मांडवासाठी डोंगरातून कळकाच्या काठ्या घेऊन उतरायला लागला.

तिसऱ्यांदा तेच आढं तिनं ओतूरच्या रिटायर कंपाउंडर हौशीरामांना दिलं, तेव्हा तिला काही वाटलंसुद्धा नाही. एक माणूस शेजारचा, एक डोंगरातला, एक ओतूरचा. हे तिघं एका ठिकाणी कशाला येतायत?

ते आले दोन हजार तीन साली, चर्चच्या शताब्दीला.

त्या वर्षी मंडळीला नवे पाळक मिळाले होते. सुदर्शन नाव, तिशीचं वय, नगरकडचे. माणूस गुणी होता, पण त्याला सगळं नीट लिहिलेलं लागायचं. मे महिन्यात शहरातली घरं सुट्टीला गावी येतात, म्हणून दुसऱ्या रविवारी समारंभ ठरला. मंडळीचा इतिहास सगळ्यांसमोर वाचायचा, मग त्याचं पुस्तक छापायचं आणि ज्यांच्या पूर्वजांनी चर्च उभारायला हातभार लावला त्यांना शाल द्यायची, असं पाळकांनी जाहीर केलं. कुणाला काही सांगायचं असेल तर त्याआधीच्या रविवारी उपासनेनंतर या, म्हणाले.

त्या रविवारी पडवीत एवढी माणसं जमली की बाक पुरेना. बाराही घरांच्या पूर्वजांना जमलं नसतं एवढं काम तालुक्यातल्या बाकीच्यांच्या पूर्वजांनी करून ठेवलेलं होतं. घंटावाले आले, पुरणपोळीवाले आले. भगवंतराव म्हणाले, आढं आमचं. भिका म्हणाला, आढं आमचं. हौशीराम कंपाउंडर चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटतं काहीतरी गोंधळ होतोय. आढं आमच्या चुलत आजोबांचं." तिघं एकमेकांकडे बघायला लागले. सरूबाई आत जाऊन सतरंज्यांच्या घड्या करत बसली. त्या आधीच केलेल्या होत्या.

पाळकांनी शिडी मागवली. वर चढून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडावर हात फिरवून आले.

"आढं एकच आहे, आजी," खाली उतरून ते सरूबाईला हळूच म्हणाले. "जोडसुद्धा नाही."

"मजबूत काम हाय," सरूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाळक नगरला गेले. तिथं मिशनच्या जुन्या बंगल्यात कागदपत्रांची कपाटं होती. चार दिवसांनी परतले ते काखेत एक जाडजूड वही घेऊन. त्या वेळच्या मिशनरी साहेबानं बांधकामाचं रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. पाळक बाकावर बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच सरूबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"आढं जुन्नरच्या वखारीतून विकत आणलेलं आहे, आजी. घंटा विलायतेहून आली आणि गाडीतून इथं पोचली. खांद्यावरून नाही."

"बैल लंगडा झाला आसंल ते साहेबानं लिवलं नसंल."

"आजी."

पाळकांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला. गावानं विहीर मंडळीला बंद केली होती, असं साहेबानं लिहिलं होतं. विहिरीवर बाभळीचे काटे टाकले होते. चुना मळायला लागणारं सगळं पाणी मंडळीतल्या बायकांनी ओढ्यावरून डोक्यावर वाहून आणलं. गावातून चर्चला मदत झाल्याची एक ओळ वहीत नव्हती.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

माहीत होतं. सरूबाईच्या सासूनं सांगितलं होतं. सासू तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, लहान मडकं घेऊन बायकांच्या मागून ओढ्यावर जायची. बायकांच्या माना अवघडून जायच्या, रात्री एकमेकींच्या माना चोळायच्या. सरूबाईला माहीत असलेल्या सगळ्या इतिहासात खरी अशी हीच एक गोष्ट होती, आणि ती तिनं आजवर कुणालाही सांगितली नव्हती. ही गोष्ट ऐकून चहा कुणाच्या घशाखाली उतरला असता?

"मी रविवारी हे सगळं वाचणार आहे," पाळक म्हणाले. "आपल्या बायकांनी पाणी वाहिलं. त्यांचं नाव कुणी घ्यायचंच नाही का?"

"घ्या की. पर त्या दिशी सारा गाव जेवायला बोलावलाय आपुन. पाव्हण्याला पाटावर बसवायचं आन् त्याच्या ताटात शंभर वर्साचं काटं वाढायचं?"

"खरं ते खरं, आजी. आणि आढ्याचं तुम्हीच त्या तिघांना आधी सांगून टाका. चारचौघांत माझ्या तोंडून ऐकलं तर तुमच्या शब्दाला काय किंमत राहील?"

हे मात्र सरूबाईला लागलं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईकडे दुसरं होतं काय? मुलगा चिंचवडला, जमीन नाही, दागिना नाही. पण रस्त्यानं जाणारा माणूस तिच्या शब्दाखातर गाडी थांबवत होता, खांब हलवत होता. ते एकदा गेलं की उरायची ती नुसती झाडू मारणारी म्हातारी.

दुसऱ्या दिवशी ती पदर सावरून भगवंतरावांकडे गेली. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं: भाऊ, ते आढं काही तुमच्या आज्याचं न्हाई. पण ओट्यावर पोचली तर भगवंतराव सुट्टीला आलेल्या नातीला, श्रेयाला, आढ्याचीच गोष्ट सांगत होते. बारा बैलांचे अठरा झाले होते. कुकडीला पूर आलेला होता. खापरपणजोबा आढ्यावर उभे राहून नदी पार करत होते.

"आन् मग?" श्रेयानं विचारलं.

"मग काय? पैलतीराला पोचले. धोतरसुद्धा भिजलं न्हाई."

सरूबाईनं मनात म्हटलं, ह्यातलं पुराचं मी नव्हतं सांगितलं. मग म्हणाली, "जेवायला लवकर या म्हणून सांगायला आले व्हते," आणि परत फिरली.

भिकाच्या गावाला जायला एसटीनं दोन तास लागले. भिकाची बायको सखूबाई तिला बघून हरखून गेली आणि तिनं भिकाचा नवा पांढरा सदरा आणून दाखवला. शाल घ्यायच्या दिवसासाठी शिवलेला. बटणं अजून लावायची होती, ती लावायला सरूबाईनंच हात लावला. कंपाउंडरकडे गेली, तर त्यांनी तिचं ब्लडप्रेशर तपासलं आणि फार वाढलंय म्हणाले. ते कशानं वाढलंय हे त्यांना सांगायची तिची छाती झाली नाही.

असा रविवार उजाडला.

चर्चपुढे भिकाच्या काठ्यांचा मांडव पडला होता. उपासना झाली, भजनं झाली. टाळ-ढोलकीच्या भजनाला मांडवाबाहेर उभं राहिलेलं गावही माना डोलवत होतं. पुढच्या खुर्च्यांवर भगवंतराव, कंपाउंडर आणि नव्या सदऱ्यातला भिका ओळीनं बसले होते. तिघंही दुसऱ्या दोघांकडे जरा दयेनं बघत होते, कारण आपलंच खरं निघणार ह्याची प्रत्येकाला खात्री. सरूबाई बायकांत सगळ्यात पुढे सतरंजीवर बसली होती. पाळकांनी वही उघडली तशी तिनं दोन्ही हातांनी सतरंजीची कड धरली.

पाळकांनी पायाच्या दगडापासून सुरुवात केली. पहिल्या कुटुंबांची नावं घेतली. मग वाचलं, "छपराचं आढं जुन्नरच्या वखारीतून विकत आणलं."

मांडवात कुजबूज उठली. भगवंतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"पाळकसाहेब, वही कुणाची म्हणायची ही?"

"त्या वेळच्या मिशनरी साहेबांची. त्यांनी रोज लिहून ठेवलंय."

"साहेब लोक दुपारी झोपायचे," भगवंतराव म्हणाले. "आढं दुपारी आलं आसंल."

लोक हसले. भिकानं मान हलवली. आढ्याच्या मालकीवरून आठवडाभर एकमेकांशी न बोललेले तिघं वहीविरुद्ध एका क्षणात एक झाले. पाळकांचा चेहरा लाल झाला. खरं ते खरं म्हणणाऱ्या माणसाला खोटं पाडलं की तो हट्टाला पेटतो. त्यांनी पान उलटलं. पुढचं पान कुठलं हे मांडवात दोघांनाच माहीत होतं, असं सरूबाईला वाटत होतं.

ती उठून उभी राहिली. गुडघे कटकन वाजले.

"थांबा, पाळकसाहेब. फुडचं वाचू नका. आदी माझं आयका." तिनं मांडवाकडे तोंड केलं. "वहीत हाय ते खरं हाय. आढं कुणीबी दिलं न्हाई. भगवंतरावांच्या आज्यानं न्हाई, भिकाच्या पंज्यानं न्हाई, कंपाउंडरच्या चुलत आज्यानं न्हाई. घंटा कुणी खांद्यावर आणली न्हाई. मडमंला पुरणपोळी कुणी शिकवली न्हाई. म्या माझ्या मनानं सांगितलं. खोटं सांगितलं. देवाम्होरं कबूल करती."

सरूबाई वाट बघत उभी राहिली. आता कुणी काय बोलेल ते बोलेल, पण एकदाचं होऊन जाऊ दे, असं तिला झालं होतं.

भगवंतरावांनी तिच्याकडे टक लावून बघितलं. मग ते मांडवाकडे वळून ओरडले, "आरं, बगता काय नुसतं? म्हातारीला ऊन लागलंय! पानी आणा आदी!"

सगळ्या मांडवानं सुटकेचा श्वास सोडला. ऊन लागलंय, असं आहे होय! तरीच. बायकांनी तिला धरून खाली बसवलं, कुणी पदरानं वारा घातला. पाणी एकदम तीन ठिकाणांहून आलं. भगवंतराव पलीकडच्या आपल्या घरून स्वतः तांब्या भरून घेऊन आले, भिका धावत प्लॅस्टिकचा जग घेऊन आला आणि कंपाउंडर मीठसाखर ढवळत पेला घेऊन उभे राहिले.

"मला काय झालेलं न्हाई!" सरूबाई कळवळून म्हणाली. "म्या खरं बोलतीया!"

"व्हय, व्हय. खरं हाय," भिका समजुतीनं म्हणाला. "प्या आदी."

चाळीस वर्षं तिनं मनाला येईल ते सांगितलं आणि कुणी शंका घेतली नाही. आज आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलली, तर एक माणूस विश्वास ठेवायला तयार नाही! तिला अस्सा राग आला की रडूच फुटलं, आणि रडली तसं ऊन लागल्याची सगळ्यांची खात्रीच पटली. शेवटी ती तिन्ही ठिकाणचं पाणी प्यायली.

पाळक वही धरून उभे होते. विहिरीच्या ओळीवर त्यांचं बोट होतं. त्यांनी तांब्याकडे, जगाकडे, पेल्याकडे बघितलं. "उरलेलं पुस्तकात छापू," असं काहीतरी म्हणून त्यांनी वही बंद केली आणि प्रार्थना सांगितली. शाली तिघांनाही दिल्या.

पंगत बसली. पुरी, भाजी, आमटी-भात आणि बुंदी. रडून हलकी झालेली सरूबाई, सगळ्यांनी पड म्हटलं तरी न ऐकता, बुंदीचं भांडं घेऊन वाढायला निघाली. भगवंतराव पंगतीच्या टोकाला, जरा एकटेच बसले होते. ती पुढे आली तसं त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"सरूबाई, पाळकांनी वही मिटली तवा फुडं काय व्हतं?"

"काय व्हतं? काय न्हाई. चुन्याचं काय तरी."

"इहिरीचं व्हतं ना?"

सरूबाईचा हात भांड्यातच राहिला.

"आमच्या घरात हाय ती गोष्ट," भगवंतराव खाली पानाकडे बघत म्हणाले. "बाप सांगायचा. आज्यानं इहिरीवर बाभळी टाकल्या, मिशनच्या बाया रिकामी मडकी घिऊन वड्याला गेल्या. सांगताना बाप असा हसायचा की ठसका लागायचा त्याला. ल्हान व्हतो, मीबी हसायचो."

सरूबाईनं बुंदीचं भांडं जमिनीवर टेकवलं.

"मग त्या वर्सी कुंपणावनं भांडायला आलो, आन् तुमी म्हणलात, तुमच्या आज्यानं आढं दिलं. मला तवाच कळलं, म्हातारी थापा मारती. आज्यानं काय दिलं ते मला ठावं व्हतं की. पर घरी पोचस्तवर वाटाया लागलं, आसा आजा आसता तर? मंग म्हणलं, आसंल. का नसंल? कौलं टाकली तवा तर वाटलं, व्हताच तसा."

सरूबाईला काय वाटलं ते सांगता येणार नाही. एवढी वर्षं ती चहाबरोबर पणजोबे वाटत आली, पण घेणाऱ्यानं ते कुठं नेऊन ठेवले हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तरी भांडण ती सोडणार नव्हती.

"मंग सगळ्यांम्होरं मला येडी का ठरीवली?"

"मंग काय करू? तुमी माझा आजा काढून घ्याया निगाला व्हता."

दोघंही हसली, पण ते हसू टिकलं नाही. भगवंतरावांनी पुरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला.

"पाळकांना सांगा, इहिरीचं छापा. आन् त्याचं नाव घालून छापा."

"नाव कशाला? गावानं केलं म्हणू."

"गावानं न्हाई, त्यानं केलं. आढ्याला त्याचं नाव घालताना मला इचारलं व्हतं का तुमी? आढ्याला चाललं, मंग काट्यालाबी चालंल. त्याचा नातू सांगतोय म्हणून लिवा."

सरूबाईनं भगवंतरावांचा पानावरचा हात बाजूला केला, ओंजळभर बुंदी वाढली, आणि मग पुढच्या पानाकडे जायचं सोडून तिथंच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.